मजकूर मालकाचा, अक्षर शब्बीरचं

चंद्रपूरच्या बसस्टँडजवळची भिंत वाचून मी केस उगवणारं तेल विकत आणलं, ही माझी चूक. ते बायकोच्या नकळत लावलं, ही त्याहून मोठी. बायकोच्या नकळत डोक्याला काही लावता येतं असं समजणाऱ्या माणसाला टक्कल ही फार किरकोळ अडचण आहे.

तेलानं केस आले नाहीत. मुंग्या आल्या. एका सकाळी जाग आली तेव्हा सुनंदा, म्हणजे माझी बायको, माझ्या उशीकडे बघत उभी होती. खिडकीपासून उशीपर्यंत लाल मुंग्यांची शिस्तशीर रांग लागली होती.

"अहो, तुमच्या डोक्यात काही गोड हाय का?" तिनं विचारलं. "इतकी वर्षं झाली लग्नाले, मले त कधी दिसलं नाई."

मी बाटली घेऊन तडक शेजारच्या शब्बीर पेंटरकडे गेलो. कारण ती भिंत त्यानं रंगवली होती. 'फक्त एक बाटली आणि पाहा चमत्कार' ही अक्षरं त्याच्याच हातची होती. शब्बीरभाईनं बाटलीचा वास घेतला, बोट बुडवून चाखलं आणि म्हणाला, "गूळ हाय."

"अहो, पण तुम्ही लिहिलंत ना?"

"पूरी भिंत वाचली का तुम्ही?"

"वाचली की."

"चला."

त्यानं मला सायकलवर डबलसीट घेऊन बसस्टँडवर नेलं. माझं वजन पाहता ते साहसच होतं. भिंतीच्या अगदी खालच्या कोपऱ्यात, नालीतलं गवत हातानं बाजूला सारून त्यानं बोट ठेवलं. तिथं मुंगीएवढ्या पण मोत्यासारख्या अक्षरांत लिहिलं होतं: 'मजकूर मालकाचा, अक्षर शब्बीरचं. वाचणाऱ्यानं विचार करावा.'

"हे कोण वाचतं, शब्बीरभाई?"

"तुम्ही नाई वाचलं," तो शांतपणे म्हणाला. "म्हणून त मुंग्या आल्या."

ही गोष्ट फ्लेक्सचे बॅनर येण्याआधीची. तेव्हा जाहिरात म्हणजे भिंत, आणि भिंत म्हणजे शब्बीर. परकोटाच्या आतल्या आमच्या गल्लीत त्याची एक खोली होती. बाहेर चुन्याची पिंपं, गेरूचे डबे, निळीच्या पुड्या आणि खळ शिजवायची काळी कढई. उंच, वाळका, कानावर बिडीऐवजी ब्रश. बाकीचे पेंटर भिंतीवर आधी गेरूत बुडवलेलं सूत ताणून रेघ उमटवायचे. शब्बीरला सूत लागत नसे. भिंतीपासून दूर जाऊन तो एकदा डोळे बारीक करून बघायचा, आणि मग या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळ अशी जायची की वर पाण्याचा पेला ठेवावा.

असं अक्षर, आणि त्या अक्षरात लिहिलेलं काय? तर मूळव्याध, दमा, पांढरे डाग, उंची वाढवा, दारू सोडवा. सिमेंटवाले, खतवाले, बनियानवाले त्याला कामं देत नव्हते असं नाही. पण जंगलाकडच्या रस्त्यांवर शब्बीरच्या भिंती म्हणजे बहुतेक असल्या डॉक्टरांच्याच. आणि गंमत अशी की या लोकांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. मग तो प्रत्येक भिंतीखाली आपला खुलासा लिहायचा, आणि तो प्रत्येक वेळी वेगळा असायचा.

उंची वाढवणाऱ्या पावडरीखाली त्यानं लिहिलं होतं, 'मालकाची उंची पाहून घ्यावी.' दारू सोडवणाऱ्याच्या खाली, 'मालक संध्याकाळनंतर भेटत नाहीत.' मूळव्याधवाल्याच्या खाली नुसतंच, 'शब्बीर इथं गेलेला नाही.'

मालक लोक रस्त्यावरून बघत. तिथून ती ओळ पेंटरची सही वाटे. एकट्या उंचीवाल्याच्या ती लक्षात आली. तो तणतणत शब्बीरकडे आला. मी तेव्हा ओट्यावरच होतो, त्यामुळे त्याची उंची मी पाहून घेतली.

"खालचं मिटव!" तो ओरडला.

"मिटवतो," शब्बीर म्हणाला. "पर मंग वरचंबी मिटीन. एकाच हाताचं हाय."

उंचीवाल्यानं थोडा वेळ विचार केला आणि तो निघून गेला. तसं अक्षर त्याला दुसरीकडे मिळालं नसतं.

एक जाहिरात मात्र शब्बीरनं कधीच रंगवली नाही. मूल होण्याच्या औषधाची. "बाकीच्याईत माणूस आपल्या पैशानं फसते," तो म्हणायचा. "त्याच्यात औषधानं काम नाई केलं त औषधाले कोणी बोलत नाई. बाईले बोलतात."

मी पाटबंधारे खात्यात कारकून. सरकार म्हणून माझ्या ताब्यात एक टेबल, एक पंखा आणि पंख्याचा रेग्युलेटर. पण शब्बीरच्या लेखी मीच सरकार होतो. तो मला हाकच 'सरकारभाऊ' अशी मारायचा. नळाला पाणी आलं नाही, सरकारभाऊ. एसटी बंद पडली, सरकारभाऊ. आणि एखादा नवा डॉक्टर भिंत ठरवून गेला की संध्याकाळी ओट्यावर येऊन ठरलेला प्रश्न: "सरकारभाऊ, सरकार काय करून राह्यलं?"

"सरकारनं काय करायचं यात?" मी म्हणायचो. मला या विषयावर बोलायला आवडायचं, कारण ऑफिसात माझं कोणी ऐकत नसे. "लोकांना अक्कल नको का? सरकार काय प्रत्येकाच्या मागं उभं राहणार? आज म्हणाल तेल बंद करा, उद्या म्हणाल अंगारा बंद करा. आजीबाईचा काढासुद्धा बंद करणार का?"

"काढा आजी फुकट देते, भाऊ. न् बाजूले बसून राह्यते. हा पैसे घेते न् तंबू उचलून जाते."

"पण माणसानं विचार करून घ्यावं."

"तुम्ही बीए हाय ना?"

"आहे."

"मंग?"

या 'मंग'नंतर मी विषय बदलायचो. उशीवरच्या मुंग्या सगळ्या गल्लीला माहीत झाल्या होत्या. सुनंदाला गोष्टी मनात ठेवता येत नाहीत.

एकदा मी एका वकील मित्राला विचारून आलो आणि शब्बीरला विजयी मुद्रेनं सांगितलं, की असल्या चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्ध कायदा आहे. आजचा नाही, जुना आहे. सरकार झोपलेलं नाही.

तो बराच वेळ ब्रशचे केस बोटांनी सरळ करत राहिला. मग म्हणाला, "कायदा कुठी लिहिला हाय?"

"पुस्तकात."

"न् औषध कुठी लिहिलं हाय?"

मी त्या पुस्तकाचं नाव आठवू लागलो.

"भिंतीवर," तोच म्हणाला. "एक काम करा, सरकारभाऊ. सरकारले म्हणा, एक पेंटर ठेवा. मी लिहीत जाईन, त्यानं माझ्या मागं मागं लिहीत यावं, 'हे खोटं हाय'. माझ्याएवढ्याच मोठ्या अक्षरात. चांगला पेंटर पाह्यजे पण."

"मग तुम्ही मुळात लिहिताच कशाला?"

हे विचारलं की तो कढईत खळ ढवळायला उठून जायचा.

शब्बीरचं लग्न झालेलं नव्हतं. आईबाप लहानपणीच गेले. त्याला वाढवलं मोठ्या बहिणीनं, तिला आम्ही सगळेच आपा म्हणायचो. लग्न होऊन ती सिरोंच्याला गेली, तिथं नवरा वारला, आणि ती बाजारात बांगड्यांची टोपली घेऊन बसू लागली. गिऱ्हाइकांशी तेलुगू, भावाशी हिंदी, आमच्याशी दोन्हीत थोडी मराठी घालून बोलायची. दरवर्षी ईदला ती चंद्रपूरला यायची, आणि तिला घ्यायला मी आणि शब्बीर माझ्या स्कूटरवर स्टँडवर जायचो.

त्या वर्षी सिरोंच्याची गाडी आली, आपा उतरली, आणि सरळ माझ्याजवळ आली. माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "शब्बीर, कित्ता मोटा हो गया रे तू!"

मी हसलो. मला वाटलं, थट्टा. मागं वळून पाहिलं तर शब्बीर तिची पिशवी हातात घेऊन उभा होता, आणि तो हसत नव्हता. आपानं माझा गाल पुन्हा चाचपला, हात वर नेऊन माझ्या डोक्यावर ठेवला, आणि तिथं काहीच न लागल्यामुळे ती दचकून मागं सरली.

"अगे माँ! ये कौन है?"

घरी आल्यावर तिनं बांगड्यांच्या टोपलीतून रुमालात बांधलेली एक बाटली काढली. काळजीचं कारण नाही, म्हणाली. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, सरकारी डॉक्टर ऑपरेशन सांगतो, पण आता ऑपरेशनची गरजच नाही. हे थेंब टाकले की मोतीबिंदू आपोआप विरघळतो. आधी उजवा डोळा करायचा, तो बरा झाला की डावा. आग होते खूप. पण डॉक्टर म्हणाला, आग होते म्हणजे औषध लागू पडतंय.

"किसने दिया, आपा?" शब्बीरनं विचारलं.

"किसने मतलब? तूनेच तो बताया."

"मैंने?"

"आष्टी के आगे, दीवार पे आँख बनाई ना तूने? इत्ती बडी आँख. और बाजू में तोता." ती कौतुकानं माझ्याकडे वळली, म्हणजे जिथं मी असेन असं तिला वाटलं तिकडे वळली. "दो महिने पहले सरकारी दवाखान्यातून आते वखत तोता दिसला, तशी मी गाडी रोको बोलली. मेरे भाई की दीवार है."

तेव्हा मला पोपटाची गोष्ट कळली. आपाला लिहिता-वाचता येत नाही. भावाचं नाव भिंतीवर लिहिलं तरी तिला ते ओळखू येणार नाही. म्हणून त्या रस्त्यावरच्या प्रत्येक भिंतीवर शब्बीर एक छोटा हिरवा पोपट काढायचा. ईदला येता-जाता ती खिडकीशी बसून पोपट बघत यायची. इथं आपला भाऊ येऊन गेला, इथं त्यानं उन्हात काम केलं. अन् बाकी प्रवासी काय समजायचे ते समजोत. डोळ्यांवर जाळी धरल्यावरही तेवढा मोठा डोळा आणि त्याच्या शेजारचा हिरवा ठिपका तिला दिसला होता. त्याखालची मुंगीएवढी ओळ तिला चांगले डोळे असतानाही वाचता आली नसती.

शब्बीरनं बाटली हातात घेतली. या वेळी त्यानं वासही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी उजव्या डोळ्यात बॅटरी मारून पाहिली आणि विचारलं, "यात काय टाकलं होतं?" आम्ही बाटली दाखवली. बाई आमच्यावर ओरडल्या नाहीत, ते जास्त वाईट वाटलं. म्हणाल्या, उजव्या डोळ्याच्या बुबुळाला जखम होऊन डाग पडलाय, त्याचं आता काही करता येईल असं वाटत नाही. डाव्याचं ऑपरेशन लवकर करू. या डोळ्यात टाकलं नाही हे नशीब.

बाहेर बाकावर शब्बीरनं आपाला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "आपा, वो तोता झूठा था."

आपा म्हणाली, "तोता काहे को झूठा? डॉक्टर झूठा था." आणि त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेली, तो बाकाच्या पाठीवर पडला. तिनं तो तिथून उचलून बरोबर जागी नेला.

ऑपरेशनला काही दिवस होते. शब्बीरला घरात बसवेना. एका सकाळी तो चुन्याचा डबा आणि लांब दांडीचा कुंचा घेऊन दारात उभा राहिला. "सरकारभाऊ, सुट्टी टाका."

मी सुट्टी टाकली. आम्ही एसटीनं निघालो, गोंडपिपरीवरून आष्टीकडे. कंडक्टर डब्याकडे बघून म्हणाला, "चुना सांडला त गाडी तुम्ही धुवाल." डबा मी मांडीवर घेतला. सांडला तो माझ्याच पँटवर. जिथं शब्बीरची भिंत दिसेल तिथं उतरायचं, भिंत पांढरी करायची, पुढची गाडी पकडायची. तो कुंचा फिरवायचा, मी डबा धरायचो.

आष्टीच्या पुढं एका राईस मिलच्या भिंतीवर तो डोळा होता. खरं सांगतो, सुंदर होता. पापणीचा केस न् केस वेगळा. शब्बीरनं कुंचा बुडवला आणि पहिला फटका बुबुळावरच मारला. तेवढ्यात समोरच्या टपरीतून त्या डॉक्टरचा कंपाउंडर धावत आला.

"ओ पेंटर! काऊन मिटवून राह्यले? पैसे देल्ले हाय ना तुमाले!"

शब्बीरनं मान वळवली नाही. कुंच्यानं माझ्याकडे दाखवून म्हणाला, "सरकारले विचारा."

कंपाउंडर माझ्याकडे वळला. मी एका हातात डबा घेऊन, गुडघ्यापर्यंत पांढरा होऊन उभा होतो. पाटबंधारे खात्याचा डोळ्यांशी संबंध आलाच तर तो पाण्यापुरता. पण मी दुसऱ्या हातानं शर्ट सारखा केला आणि माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, "सदर मजकूर आक्षेपार्ह असल्याने तो काढण्यात येत आहे."

"ऑर्डर हाय का?"

"मागाहून येईल."

त्यानं 'मागाहून येईल' हे ऐकलं आणि त्याची खात्री पटली, की हे सरकारच. तो दोन पावलं मागं गेला आणि मग टपरीत गेला.

मिलवर धान घेऊन आलेला एक म्हातारा हे सगळं बघत होता. त्यानं विचारलं, "डॉक्टर गेला का?"

"नाई," शब्बीर म्हणाला. "इथीच हाय."

"मंग मिटवून काय होते?"

"माझ्या भरवशावर कोणी येणार नाई, बाबा. एवढंच होते."

भिंत पूर्ण पांढरी झाली. फक्त कोपऱ्यातल्या पोपटावर त्यानं चुना लावला नाही. त्या रस्त्यावर पुढं कितीतरी दिवस नुसत्या पांढऱ्या भिंती होत्या, आणि प्रत्येकीवर एकेक पोपट कशाचीच जाहिरात न करता बसलेला.

परतीच्या गाडीत माझ्या जुन्या प्रश्नाचं उत्तर त्यानं न विचारता दिलं. "सिमेंटवाल्याचं काम गडचांदूरकडं. खतवाल्याचं वरोऱ्याकडं. सिरोंच्याच्या रस्त्यावर जंगलात भिंती रंगवायले पेंटर कोण पाठवते, भाऊ? हेच लोक. काम मिळालं का येण्याजाण्याचं भाडं निघे. न् एक मुक्काम आपाकडं होये." खिडकीबाहेर साग मागं जात होते. "मी म्हणो, खाली लिहून देल्लं ना आपण. आपल्यावर काही नाई."

त्या डॉक्टरविरुद्ध मी रीतसर अर्ज केला. सरकारी नोकरानं सरकारला केलेला अर्ज, त्यामुळे त्याच्या गतीची मला कल्पना होती. पुढं तो डॉक्टर तिथून उठला. त्याला सरकारनं उठवलं की गिऱ्हाईक कमी झाल्यानं तो स्वतः उठला, ते मला आजही सांगता येणार नाही. पण माणसाला अक्कल हवी, हे भाषण मी त्यानंतर ओट्यावर केलं नाही. आपाला अक्कल होती. तिनं ज्याच्यावर विश्वास ठेवायचा त्याच्यावरच ठेवला होता.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी सुटली तशी आपानं आधी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून खूप हसली. ती का हसली हे विचारायला मी धजलो नाही. दवाखान्यानं थेंबांची बाटली दिली. दिवसातून चार वेळा, महिनाभर, चुकवायचे नाहीत.

त्या संध्याकाळी मी आणि सुनंदा त्याच्या खोलीवर गेलो. आपा खाटेवर आडवी होती. शब्बीर बाटली घेऊन तिच्यावर वाकलेला. सूत न लावता भिंतभर सरळ रेघ मारणाऱ्या त्या हाताला थेंबाचा नेम साधेना. पहिला थेंब आपाच्या गालावर पडला. दुसरा कानात.

"अहो, हे खरे थेंब आहेत, शब्बीरभाई," मी म्हणालो. "सरकारी."

"मालूम हाय," तो म्हणाला. "पर हात आयकत नाई." त्यानं बाटली खाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

सुनंदानं हात धुतले. बाटली उचलून खिडकीशी नेली आणि तिच्यावरची बारीक अक्षरं वरपासून खालपर्यंत वाचली. मग आपाची पापणी अलगद खाली ओढून एक थेंब बरोबर टाकला.

"ठंडा है," आपा म्हणाली.

शब्बीरनं तेव्हा वळून पाहिलं. मग घाईघाईनं स्टोव्ह पेटवून त्यानं आमच्यासाठी चहा टाकला, आणि तेवढ्यात सुनंदानं महिनाभर थेंब टाकायचं काम स्वतःकडे घेऊन टाकलं.

घरी येताना मी गंभीरपणे म्हणालो, "काही म्हण, या असल्या गोष्टींत सरकारनं लक्ष घालायलाच पाहिजे."

"घालू द्या," सुनंदा म्हणाली. "पण त्यायच्या घरात कप एकच हाय, पाह्यलं का तुम्ही? मले न् आपाले पेल्यात देल्ला, तुमाले कपात, न् स्वतः बशीत घेऊन बसले."

"त्याला बशीतूनच आवडतो. नेहमी तसाच पितो तो."

"आवडते कायचं? तुम्ही कप घेता म्हणून ते बशी घेतात. दुसरं कोणी येतच नाई त कप कायले घेईल माणूस?" ती दाराशी थांबली, कडी काढली. "उद्या सकाळी थेंब टाकाले जाईन, तेव्हा आपले चार कप नेईन. न् तुम्ही आता रोज तिकडं जात जा चहाले. आपा गेल्यावरबी."